बुधवारचं चिकन आणि मॉरल सायन्स

लेडीज हॉस्टेलमध्ये आठवड्याचे वार दोनच असतात. एक बुधवार, आणि दुसरा म्हणजे बुधवारची वाट बघायचे उरलेले सहा दिवस! बुधवारी रात्री मेसमध्ये चिकन असतं. ज्यांना खायचंय त्यांनी सोमवारी रात्रीपर्यंत मेसच्या वहीत नाव लिहायचं, बाकीच्यांना पनीर. एक वेळ सबमिशनची तारीख विसरेन, पण वहीत नाव लिहायला मी कधी विसरले नव्हते.

मागच्या सेमिस्टरमधली गोष्ट. असाच एक बुधवार, गर्दी तुफान, आणि वाढायला एकटाच मुलगा. त्या गडबडीत चिकनच्या रश्श्यातला डाव तसाच वरणाच्या पातेल्यात गेला. माझी रूममेट नेमकी समोर ताट घेऊन उभी होती. ती पंढरपूरजवळच्या एका गावची, घरी तीन पिढ्या माळकरी. ती काही बोलली नाही. ताट ठेवलं आणि रूमवर निघून गेली. मागे लाईनमध्ये दोघी-तिघी हसल्या. "एवढं काय त्यात, वरणच तर आहे!" असं एकीने म्हटलं. ती एक म्हणजे मी.

त्या रात्री ती बिस्किटं खाऊन झोपली. आम्ही दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डवर अर्ज लागला, शाकाहारी मुलींसाठी मेसमध्ये वेगळी टेबलं हवीत म्हणून. खाली भरपूर सह्या. लगेच दुसऱ्या बाजूनेही उत्तर लागलं. आणि मी मेस कमिटीवर टी.ई.ची प्रतिनिधी! म्हणजे मला मत द्यायचं होतं.

मत द्यायच्या आधी निदान प्रश्न तरी नीट समजून घ्यावा असं वाटलं. मग लायब्ररीत जे मिळालं ते वाचलं, मेसच्या काकांना प्रश्न विचारून पिडलं, आणि बोलणं सुरू झाल्यावर रूममेटशी भांडभांड भांडले. त्याचा हा रिपोर्ट. व्हायवा तुम्ही घ्या.

धड्यात नसलेली कोंबडी

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मॉरल सायन्स नावाचा तास असायचा. त्यात 'प्राण्यांवर दया करा' असा एक धडा होता. चित्रात पाय दुखावलेला कुत्रा होता, पंख मोडलेलं कबुतर होतं. कोंबडी कुठेच नव्हती! तेव्हा कोणालाच खटकलं नाही, मलाही नाही. पण सगळा वाद नेमका तिथेच सुरू होतो. कुत्र्याला दगड मारणं वाईट, यावर आपलं सगळ्यांचं एकमत. मग कोंबडीचं काय? दोघांमध्ये असा कोणता फरक आहे की एकाला दगड मारायचा नाही आणि दुसरीचा रस्सा करायचा?

पूर्वीचं ठरलेलं उत्तर असं की माणसाला बुद्धी आहे, भाषा आहे, प्राण्याला नाही. कान्टसारखा मोठा तत्त्वज्ञही म्हणायचा की प्राण्यांबद्दल आपलं थेट कर्तव्य काही नाही. फक्त त्यांना क्रूरपणे वागवलं की आपण माणसांशीही क्रूर वागायला लागतो, म्हणून तसं वागू नये. याला जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताने १७८९ मध्ये एका पुस्तकात छेद दिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की कसोटी बुद्धीची किंवा भाषेची नसावी, वेदना जाणवते की नाही याची असावी. बरोबरच आहे. तान्ह्या बाळाला कुठे बोलता येतं? म्हणून त्याला चिमटा काढला तर चालतो का?

हाच धागा पीटर सिंगरने १९७५ मध्ये 'अ‍ॅनिमल लिबरेशन' या पुस्तकात पुढे नेला. तो म्हणतो की समान वेदनेला समान वजन द्या, मग ती कोणाच्याही शरीरात असो. केवळ आपल्या प्रजातीचा नाही म्हणून एखाद्याचं दुःख हलकं धरणं, हे वर्णद्वेषाच्याच जातीचं आहे. टॉम रेगन १९८३ मध्ये त्याच्याही पुढे गेला. त्याच्या मते वेदनेची बेरीज-वजाबाकी मुळात करूच नये. ज्याला स्वतःचं एक आयुष्य आहे, आठवणी आहेत, हवं-नको आहे, तो कोणाचं साधन नाही. वेदना न देता मारलं तरी त्याचा हक्क मोडतोच.

हे सगळं परदेशातून आलं असं समजू नका. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात राजाच्या स्वयंपाकघराचा हिशोब आहे. पूर्वी तिथे रोज लाखांनी प्राणी मारले जात, आता फक्त दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असं त्यात म्हटलंय. मला यात आवडलं ते हे की राजा स्वतःच्या ताटापासून सुरुवात करतो, आणि 'अजून पूर्ण बंद झालेलं नाही' हेही दगडावर कोरून ठेवतो. रूममेटने मला ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायातलं अहिंसेचं वर्णन वाचून दाखवलं. पायाखाली जीव येऊ नये म्हणून अहिंसक माणूस पाऊल किती हळुवार टाकतो, याचं ते वर्णन आहे. मराठीत सातशे वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलंय, आणि मला ते वयाच्या विसाव्या वर्षी रूममेटकडून कळलं. असो.

नेहमीचे चार बचाव

आता मी चिकन खाणारी. त्यामुळे बचावाची सगळी वाक्यं मला पाठ होती. एकेक तपासून बघितली.

पहिलं, "झाडांनाही जीव असतो." असतो ना. पण वेदना जाणवायला लागणारी मज्जासंस्था आणि मेंदू झाडाला नाही. आणि समजा, झाडालाही दुखतं असं धरलं, तरी हिशोब उलटाच पडतो. ब्रॉयलर कोंबडीचं एक किलो वजन वाढायला साधारण दीड ते दोन किलो खाद्य लागतं, मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. त्या एक किलोत पिसं आणि हाडंही आली. खाद्यातल्या ऊर्जेचा मोठा भाग कोंबडीच्या नुसत्या जगण्यातच खर्च होतो. थर्मोडायनॅमिक्स शिकलेल्यांना एफिशियन्सी समजावून सांगायला नको. म्हणजे झाडांची दया येत असेल, तर थेट झाडंच खाणं स्वस्त पडतं!

दुसरं, "निसर्गाचा नियमच आहे, वाघ नाही का खात?" वाघाला चॉइस नाही. आपल्याला आहे, आणि नैतिकतेचा प्रश्न चॉइस आला की मगच येतो. शिवाय वाघ ज्याला खातो ते हरीण तोपर्यंत मोकळं जगलेलं असतं. ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जाते. मांस इतक्या वेगाने चढतं की काहींचे पाय ते पेलू शकत नाहीत. गावठी कोंबडी पाच-सात वर्षं सहज जगते. हिचं सगळं आयुष्य आपल्या अर्ध्या सेमिस्टरपेक्षाही लहान.

तिसरं, "पण ती काही माझ्यासाठी मारलेली नाही." हा बचाव फार जुना आहे, आणि हलका तर मुळीच नाही. बुद्धाने भिक्खूंना मांस पूर्ण बंद केलं नव्हतं. आपल्यासाठी मारलेलं पाहिलं, ऐकलं, किंवा तशी शंका आली तर घ्यायचं नाही, नाहीतर भिक्षेत जे पडेल ते घ्यायचं, असा नियम होता. देवदत्ताने सक्तीच्या शाकाहाराची मागणी केली, ती बुद्धाने नाकारली. मी खूश झाले. मग आठवली ती मेसची वही! भिक्खूच्या भांड्यात जे पडतं ते त्याने मागितलेलं नसतं. मी तर सोमवारी रात्री नाव लिहून, सही करून मागते.

चौथं, आणि माझं सर्वात लाडकं, "माझ्या एकटीने काय फरक पडणार?" हे तपासायला मी काकांकडे गेले. काका म्हणाले, "ताई, आठ ताटांना एक किलो. अर्धा किलो कोण देतो इतक्या मोठ्या ऑर्डरीत? मी वरचा किलो धरतो." म्हणजे वहीत नावं ८९ असोत की ९६, काका १२ किलोच आणणार. ८८ झाली की ११. आपली स्टेप फंक्शन! तेव्हा माझं नाव खोडल्याने बहुतेक बुधवारी खरंच काही होत नाही. पण आठातून एखाद्या वेळी माझंच नाव ते पायरीवरचं नाव असतं, आणि तेव्हा एकदम पूर्ण किलो कमी होतो. आता सरासरी काढा. एक अष्टमांश गुणिले एक किलो, म्हणजे सव्वाशे ग्रॅम. बरोब्बर माझ्या ताटात पडतं तेवढंच! हा आकडा कागदावर आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. ज्या बचावावर मी तीन वर्षं जेवले, तो एम-थ्रीच्या पहिल्या युनिटमध्येही टिकला नसता.

दूध कुठून येतं?

इथपर्यंत रूममेट मजेत होती. मग मी तिला विचारलं, "तुमच्या घरी म्हशी आहेत ना? म्हैस व्याली आणि रेडी झाली तर?"

"तर पेढे."

"आणि रेडा झाला तर?"

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काही दिवस ठेवतात. मग बाजारात." बाजारातून पुढे कुठे, हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

हे फक्त तिच्या घरचं नाही. जगात सर्वात जास्त दूध भारतात होतं, आणि म्हशीचं मांस निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांतही भारत आहे. या दोन गोष्टी एकाच गोठ्यातून निघतात. म्हैस दूध द्यायला आधी वासरू व्हावं लागतं, आणि त्यातली साधारण निम्मी नर. आता शेतीला ट्रॅक्टर आले, रेड्याला काम उरलं नाही. अंड्याचंही तसंच. अंडी देणाऱ्या जातीच्या नर पिल्लांचा उपयोग नसतो, म्हणून ती पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने ही पद्धत २०२२ पासून कायद्याने बंद केली. आणि मादीला पिंजऱ्यात जी जागा मिळते ती आपल्या असाइनमेंटच्या ए-फोर कागदापेक्षाही कमी असते. आपल्याकडे लॉ कमिशनने २०१७ मध्ये कोंबड्यांच्या या अवस्थेवर वेगळा अहवालच दिला.

म्हणजे वेदना हीच कसोटी धरली, तर 'मी शाकाहारी, म्हणून माझे हात स्वच्छ' असं म्हणता येत नाही. हे गांधीजींना फार आधी कळलं होतं. त्यांनी गाई-म्हशींवर होणाऱ्या क्रूरपणामुळे दूध सोडायचं व्रत घेतलं होतं. पुढे १९१८-१९ च्या मोठ्या आजारपणात कस्तुरबांनी सुचवलं की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे, शेळीचं घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं. पण आत्मचरित्रात ते प्रामाणिकपणे लिहितात की व्रताचं अक्षर पाळलं, आत्मा मोडला. एवढा मोठा माणूस 'माझं इथे चुकलं' असं छापून टाकतो, आणि आपण मेसमध्ये एकमेकींना तावातावाने शुद्ध ठरवत बसतो!

सगळी ताटं सारखी नसतात

आता उलट बाजूही सांगते, नाहीतर काही मैत्रिणी मला रूमवर येऊन मारतील.

शेळी घ्या. दुष्काळी भागातल्या मुरमाड माळावर, जिथे ज्वारीही धड येत नाही, तिथे ती काटेरी झुडपं आणि कुसळं खाऊन वाढते. ती माणसाचं धान्य खात नाही. ज्या घरात जमीन नाही, तिथे दोन शेळ्या म्हणजे बँकेतली ठेव. त्या घराला "डाळ पिकवून खा" सांगणं म्हणजे नुसतं एसीत बसून बोलणं. किनाऱ्यावरची गोष्टही वेगळी. मी मालवणकडची. आमच्याकडे भातानंतर जे सर्वात सहज मिळतं ते मासे. तिथे शाकाहार हीच महागाची गोष्ट आहे. तेव्हा कुठे राहतो, परवडतं काय, दुसरा पर्याय आहे का, यावर उत्तर बदलतं. सिंगरचा हिशोबही तेच सांगेल, कारण त्यात माणसाचं दुःखही मोजायचं असतं.

तब्येतीचंही पाहायला हवं. डाळ, कडधान्य, दूध यांवर माणूस व्यवस्थित जगतो, याला आपल्याकडे लाखो पुरावे आहेत. पण बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी वर्षानुवर्षं केलेल्या संशोधनात त्याची कमतरता फार मोठ्या प्रमाणावर दिसली. तेव्हा सोडणाऱ्यांनी रक्त तपासावं आणि लागली तर गोळी घ्यावी. नैतिकता रिकाम्या टाकीवर चालत नाही.

मात्र हेही खरं की माझ्या मेसमधल्या चिकनला यातलं काहीच लागू होत नाही. मी माळावर राहत नाही. समोर पनीर, उसळ, वरण ठेवलेलं असतं. मी चिकन खाते कारण ते छान लागतं. बस्स. माझ्या चवीच्या दहा मिनिटांसमोर त्या कोंबडीचे सहा आठवडे, असा सरळ सौदा आहे.

मग टेबलाचं काय?

इथे मला अर्जाची गफलत कळली. ताटाचा प्रश्न कोंबडीबद्दल आहे. टेबलाचा प्रश्न शेजारी बसणाऱ्या मुलीबद्दल आहे. मी वेगळ्या टेबलावर बसून चिकन खाल्लं तर कोंबडीला काय फायदा? एका पिसाचाही नाही! फरक पडतो तो फक्त माझ्या शेजारणीला, आणि तो असा की 'ही जवळ बसण्यासारखी नाही' हे सगळ्या मेसला दिसतं.

आपल्या देशात या गोष्टीला इतिहास आहे. कोण काय खातो यावरून कोणी कुठे बसायचं, विहिरीवर यायचं की नाही, हे शेकडो वर्षं ठरवलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचा आणि गोमांसाचा संबंध मांडला. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे २०१५ चं पुस्तक मराठवाड्यातल्या दलित घरांतल्या अशा पदार्थांवर आहे, जे आपल्या रुचकर पाककृतींच्या पुस्तकांत कधी आलेच नाहीत. अशा घरातून आलेली मुलगी पहिल्यांदा हॉस्टेलच्या मेसमध्ये पाऊल टाकते आणि टेबलावर पाटी वाचते, 'फक्त शाकाहारींसाठी'. तिला त्यात कोंबडीवरची दया दिसेल का? २०२३ मध्ये आयआयटी मुंबईच्या हॉस्टेलमध्ये अशीच टेबलं राखली गेली, त्याला विरोध झाला आणि एका विद्यार्थ्याला दहा हजार रुपये दंड झाल्याच्या बातम्या आल्या. वाद तिथेही ताटावरून टेबलावर गेला, आणि प्राणी बिचारा बाजूलाच राहिला.

आणि शाकाहार म्हणजे एका जातीची मक्तेदारी, हेही खरं नाही. २०१४ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातले १५ वर्षांवरचे सुमारे ४० टक्के लोक शाकाहारी निघाले. त्यात जैन, ब्राह्मण, लिंगायत असतील, तसे माझ्या रूममेटच्या घरासारखे सगळ्या जातींतले माळकरीही असतील. म्हणून तिच्या माळेकडे बघून 'ही सोवळी' असं म्हणणं, हीसुद्धा तीच चूक आहे, फक्त आरशातली. ती मी केली होती.

मीटिंगच्या आदल्या रात्री मी तिला विचारलं, "अगं, अर्जावर तुझी सही कशी नाही?"

ती म्हणाली, "मला वेगळं टेबल नकोच होतं. डाव वेगळा हवा होता. आणि तू हसायला नको होतंस."

याला माझ्याकडे कुठल्याच तत्त्वज्ञाचं उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हटलं.

मीटिंगमध्ये मी टेबलांच्या विरोधात मत दिलं, आणि वेगळे डाव, वेगळी पातेली आणि वाढायला दोन माणसं हा प्रस्ताव मांडला. थोड्या फरकाने तो पास झाला. आता पातेल्यांच्या कडेला काकांनी हिरवा आणि लाल रंग लावलाय. टेबलं सगळ्यांची आहेत.

आणि माझं काय? या सेमिस्टरमध्ये मी वहीत नाव लिहिलेलं नाही. मे महिन्यात घरी गेले तेव्हा मात्र आजीने केलेलं बांगड्याचं तिखलं खाल्लं. माशांना वेदना होत नाहीत असं म्हणून सुटायची सोय नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यात वेदना टिपणारे मज्जातंतू असल्याचं दाखवलंय, ते मी वाचलेलं आहे. आजीला नाही म्हणायचं धाडस झालं नाही, हेच खरं कारण. तेव्हा माझं प्रूफ अजून अपूर्ण आहे, अर्धेच मार्क द्या. पण पूर्ण मार्क मिळत नाहीत म्हणून पेपर कोरा ठेवणारे आपण इंजिनियर नाही.

बुधवारी आता मी आणि रूममेट एकाच टेबलावर पनीर खातो. पनीर चावताना तो बाजारात गेलेला रेडा कधीकधी आठवतो. तिलाही आठवत असावा, कारण परवा तिने मला विचारलं, "सोयाबीनचं पनीर मिळतं म्हणे, काकांना विचारू या का?"

मैत्रिणींनो, सोमवारी रात्री वहीत नाव लिहायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. फक्त पेन उचलताना एक सेकंद थांबा. पायरीवरचं नाव तुमचंही असू शकतं.